पार, तुडूम आणि एकोणीस एकर

गावतलावाचा गाळ काढण्याचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "तलाव हाये तरी किती एकराचा?" सरपंचताईंनी ग्रामसेवकांकडे पाहिलं, ग्रामसेवकांनी माझ्याकडे. मी आमच्या ग्रामपंचायतीत संगणक परिचालक आहे. मी सातबारा उघडून सांगितलं, सहा हेक्टर चाळीस आर. म्हणजे पावणेसोळा एकरांपेक्षा थोडं जास्त. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले पाणकर काकाजी म्हणाले, "बीस एकराचा तलाव होता तो. माह्या बापाच्या टायमाले."

ठराव मंजूर झाला, सभा उठली, पण माझ्या डोक्यातून ते चार एकर जाईनात. सातबारा मी दिवसातून दहा वेळा काढते. त्यावर लिहिलेलं ते खरं, अशीच सवय झालेली. आणि काकाजी उगीच बोलणारे नाहीत. त्यांच्या घरात तीन पिढ्या पाणकर. तुडूम, म्हणजे तलावातून पाणी सोडायची जागा, कधी उघडायचा, कुणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या खाचराला, आधी पाणी द्यायचं, हे सगळं गाव त्यांना विचारून करत आलं. म्हटलं, याचा जुना कागद कुठेतरी असेलच. आजकाल सगळं ऑनलाइन असतं म्हणतात, तर शोधून पाहू.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगाव बांधच्या अलीकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गावागणिक तलाव आहे. 'मामा तलाव' म्हणतात त्यांना, म्हणजे माजी मालगुजारी. मालगुजारी, म्हणजे मालगुजारानं गावाचा सारा गोळा करून सरकारला भरायची पद्धत, १९५१ च्या ३१ मार्चला संपली आणि तलाव सरकारजमा झाले, म्हणून 'माजी'. बांधले मात्र त्याच्या कितीतरी आधी, गोंड राजांच्या काळापासून, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचा हात मोठा. नवेगावचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला, हे इथल्या लहान मुलालाही माहीत असतं.

पहिले आठ-दहा दिवस मी एकटीच रात्री मोबाइलवर शोधत होते. गावाचं नाव टाकलं की हवामान, पिनकोड आणि बँकेची शाखा एवढंच यायचं. मग लक्षात आलं, मी चुकीच्या जिल्ह्यात शोधतेय. गोंदिया जिल्हाच मुळी १ मे १९९९ चा. त्याआधी आम्ही भंडारा जिल्ह्यात, साकोली तहसिलीत. १९६० च्या आधी मुंबई राज्यात, १९५६ च्या आधी मध्य प्रदेशात, त्याच्याही आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. गाव जागचं हललं नाही, पण त्याचे कागद नागपूर, भोपाळ, मुंबई, दिल्ली असे चार ठिकाणी वाटले गेले. विदर्भातल्या कुठल्याही गावाचा जुना कागद शोधायचा असेल, तर आधी हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावं. माझे आठ दिवस त्यामुळे वाचले असते.

दुसरी अडचण स्पेलिंगची. इंग्रजांनी आपली नावं कानाला येतील तशी लिहिली. नवेगावमधला 'व' कधी व्ही, कधी डब्ल्यू. १८७० च्या सुमाराच्या पुस्तकांत तर अक्षरांवर स्वरांच्या खुणा दिलेल्या. छापील पान स्कॅन करून त्याची अक्षरं यंत्रानं वाचलेली असतात. त्या खुणा यंत्राला कळत नाहीत आणि 'भंडारा'चं भलतंच काहीतरी होतं. त्यामुळे शोधाच्या चौकटीत नाव टाकून 'काही सापडलं नाही' असं आलं, तर पुस्तकात ते नाव नाही असं समजू नये. पुस्तक उघडावं, अनुक्रमणिका पाहावी, पान पान चाळावं.

असं चाळत चाळत मला १९०८ चं भंडारा जिल्ह्याचं गॅझेटियर मिळालं, रसेल यांनी संपादित केलेलं. ते इंटरनेटवर फुकट वाचता येतं. माझं इंग्रजी बेताचं, तरी शब्दकोश शेजारी ठेवून मी तलावांचा भाग तीन रात्रींत वाचून काढला. त्या काळच्या सरकारी पुस्तकांत नवेगावच्या तलावाचा घेर १७ मैल दिलेला आहे. कोहळी लोक काशीकडून आले अशी त्यांच्यात सांगतात ती कथाही इंग्रज अधिकाऱ्यांनी टिपून ठेवली आहे. आमच्या गावाचं नाव काही त्यात नव्हतं. तरी वाचताना अंगावर काटा आला. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी याच धानाच्या बांध्या पाहून 'इथला शेतकरी पाण्याचं काम जाणतो' अशा अर्थाचं लिहून गेला होता.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' नावाचं संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथं नोंदणी करून शोधलं. मोठ्या कारभाराचे कागद भरपूर, पण एका गावच्या एका तलावापर्यंत ते उतरत नाहीत. जनगणनेच्या संकेतस्थळावर जुन्या जिल्हा पुस्तिका आहेत. १९६१ च्या भंडारा जिल्ह्याच्या पुस्तिकेत आमचं गाव सापडलं. एका ओळीत क्षेत्रफळ, घरं, माणसं. त्या माणसांच्या आकड्यात माझे आजोबा-आजी आणि लहानगे बाबा आहेत, हे कळल्यावर मी ते पान बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशाही उतरवून घेतला. त्यावर आमचा तलाव निळ्या रंगात होता, बोटाच्या नखाएवढा. एवढ्या छोट्या नकाशावरून एकर मोजता येत नाहीत.

म्हणजे ऑनलाइन मिळण्यासारखं होतं ते मिळालं, आणि ते दारापर्यंतच होतं. आत जायचं तर गावचेच कागद हवे होते.

ते कोणते, हे मला एका निवृत्त पटवारी मामाजींनी सांगितलं. बंदोबस्ताच्या, म्हणजे इंग्रजांच्या काळात जमीन मोजून सारा ठरवला त्या वेळचा खसरा (शेतवार नोंदींचं पुस्तक), बंदोबस्ताचा नकाशा, वाजिब-उल-अर्ज आणि निस्तार पत्रक. शेवटची दोन नावं आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी असतात, पण ती पानं बहुतेकांनी पाहिलेली नसतात. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावच्या चालीरीतींची नोंद. पाणी कसं वाटायचं, पाळ कुणी दुरुस्त करायची, मासळी कुणाची, गुरं कुठून न्यायची. निस्तार पत्रक म्हणजे गावच्या रिकाम्या जमिनीवर, झाडोऱ्यावर, पाण्यावर गावकऱ्यांचा रोजच्या वापराचा हक्क. आजच्या १९६६ च्या महसूल संहितेतही ते आहेत, निस्तार पत्रक कलम १६१ मध्ये आणि वाजिब-उल-अर्ज कलम १६५ मध्ये. म्हणजे हे नुसते इतिहासाचे कागद नव्हेत.

ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन नकलेसाठी अर्ज केला. एका कार्यालयात चार फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला 'गठ्ठा सापडत नाही' हे उत्तर मिळालं. चौथ्या फेरीला सरपंचताई, पाणकर काकाजी आणि मच्छीमार संस्थेचे दोघे सोबत आले. त्या दिवशी गठ्ठा सापडला. गावाचं काम असेल तर गावानं सोबत जावं, एवढंच मी यातून शिकले. छत्तीस पानांच्या नकला मिळाल्या आणि नकाशाची एक प्रत. मी सगळं कार्यालयातल्या यंत्रावर स्कॅन केलं, पानांना क्रमांक दिले आणि गावच्या तेवीस जणांच्या मोबाइलवरच्या गटात टाकलं.

एक गोष्ट आधीच ठरवली होती, आणि ती सुचवली बचत गटाच्या मावशींनी. जुन्या खसऱ्यात माणसाचं नाव, बापाचं नाव, जात, कुणाची जमीन कुणाकडे गहाण, सगळं उघडं लिहिलेलं असतं. मावशी म्हणाल्या, "तलावाचं पान साऱ्याईले दाखव. पन कोनाच्या आज्यानं कोनाकडून किती घेतलं होतं, ते मोबाइलवर फिरवू नको." बरोबर होतं. तलाव, पांदण, चराई, गावठाण यांची पानं सर्वांसाठी ठेवली. खातेदारांची पानं ग्रामपंचायतीच्या संगणकातच राहिली, ज्याचं त्यानं येऊन पाहावं. जुने अभिलेख लोकांसमोर मांडायला निघालेल्या प्रत्येकानं हा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

वाचन सुरू झालं आणि पहिल्याच संध्याकाळी आम्ही अडलो. अक्षर देवनागरी, भाषा मराठी, पण मधे मधे मौजा, रकबा, मकबुजा, काबिज, सीर, खुदकाश्त असे शब्द. त्यातले काही पटवारी मामाजींनी सोडवले. रकबा म्हणजे क्षेत्रफळ. सीर आणि खुदकाश्त म्हणजे मालगुजाराच्या स्वतःच्या वहिवाटीची जमीन. पण एक शब्द त्यांनाही चालेना. तलावाच्या नोंदीखाली लिहिलं होतं 'पार', आणि पुढे क्षेत्र दोन एकर पंधरा डेसिमल. आमच्या गटात नागपूरला शिकणारा एक मुलगा आहे. त्यानं लिहिलं, पार म्हणजे झाडाभोवतीचा ओटा. दोन एकरांचा ओटा कसा असेल? दुसरा म्हणाला, पलीकडचा काठ असेल. कुणी म्हणालं, लिहिणाऱ्याची चूक.

दुसऱ्या दिवशी शाळेचा प्रोजेक्टर आणून समाजमंदिराच्या चुना लावलेल्या भिंतीवर ते पान दाखवलं. म्हातारी माणसं, बाया, पोरं, तीस-पस्तीस जण जमले. मी तो शब्द मोठ्यानं वाचला आणि म्हटलं, याचा अर्थ लागत नाही. पाणकर काकाजी माझ्याकडे अशा नजरेनं पाहत राहिले की मला आजही आठवतं.

"अवं पोरी, पार म्हंजे पार. रोज त्यावरून तर जातेस."

मी रोज ज्या पाळीवरून कार्यालयात जाते, ती पाळ! झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याला आम्ही डोरा म्हणतो, पाळीला पार म्हणतो. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनानं गावकऱ्याच्या तोंडून जसं ऐकलं तसं लिहिलं होतं. आम्ही मात्र शाळेतली मराठी डोक्यात ठेवून वाचत होतो. घरी मी आईशी बोलते ती भाषा सरकारी कागदावर असू शकते, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या रात्री मला फार भरून आलं. शाळेत असताना 'पानी' म्हटलं म्हणून मी छड्या खाल्ल्या आहेत.

त्यानंतर वाचनाचा नूरच पालटला. पान भिंतीवर आलं की मी अक्षरं वाचायची आणि अर्थ गावानं सांगायचा. 'तुडूम' आला, पाणकर काकाजींनी उठून दोन हातांनी दाखवला, पाटात पाणी सोडायची जागा. 'सलंग' आला, जादा पाणी वाहून जातं ती. वाजिब-उल-अर्जमध्ये पाण्याचा क्रम होता, पाटाच्या शेवटच्या बांधीपासून वर यायचं की वरून खाली जायचं. त्यावर तर तासभर वाद झाला. शेवटी निघालं की काकाजींच्या वडिलांनी चालवलेला क्रम आणि कागदावरचा क्रम एकच आहे. आज आपण उलटा चालवतो, कारण मोटारपंप आले तेव्हा वरच्यांनी आधी घ्यायला सुरुवात केली.

बाया आधी दाराशी बसायच्या. निस्तार पत्रकाचं पान आलं तशा पुढे सरकल्या. गुरांचं पाणी, कपडे धुणं, चुलीसाठी आणि घर सारवायला माती, या ओळी वाचल्यावर एक आजी म्हणाल्या की मातीची जागा आता राहिलीच नाही. तलावाच्या उगवतीकडच्या पोटात पांढरी माती निघायची, तिथं आता बांध्या आहेत. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या एका मावशीनं शिंगाड्यांची ओळ दोनदा वाचायला लावली. शिंगाडे लावण्याची वेगळी नोंद होती. ती म्हणाली, "आमची सासू सांगे, तं पोरं हासत. आता पाहा म्हना." मी प्रत्येक बोलणं एका तक्त्यात टाकत गेले. पान क्रमांक, ओळ, कागदावरचा शब्द, सांगणाऱ्यानं सांगितलेला अर्थ, सांगणाऱ्याचं वय. कुणाला पटलं नाही तर त्याचं मतही शेजारच्या रकान्यात. एकाच शब्दाचं वाचन किमान तिघांनी स्वतंत्र करायचं, असा नियम ठेवला. वेळ लागतो, पण तोच नियम पुढे कामी आला.

कारण मूळ प्रश्न होता तलावाचा रकबा, आणि तो आकडा पाहून आमचे तीन वाचक दोन बाजूंना गेले. तलावाचा खसरा नंबर स्पष्ट. एकरांच्या जागी पहिला आकडा एक, हेही स्पष्ट. दुसरा आकडा एक की नऊ? पुढे पासष्ट डेसिमल. म्हणजे तलाव ११.६५ एकर किंवा १९.६५ एकर. देवनागरी हातलेखनात एक आणि नऊ सख्ख्या भावांसारखे दिसतात. पानाखाली बेरीज असते, तिच्यावरून कळलं असतं, पण नेमकी ती जागा कसरीनं खाल्लेली. पोरांना अर्थातच एकोणीस हवे होते. मलाही हवे होते, खोटं का सांगू. पण हवंय म्हणून एकाचा नऊ करायचा नाही, हे निवृत्त गुरुजींनी बजावलं. ते म्हणाले, "नकाशा हाये ना? मोजा."

नकाशा जुन्या मापाचा, १६ इंचाला एक मैल. म्हणजे नकाशावरचा एक इंच जमिनीवर ३३० फूट. गुरुजींनी फळ्यावर हिशेब मांडला. ३३० गुणिले ३३० म्हणजे १,०८,९०० चौरस फूट, एकराचे ४३,५६० चौरस फूट, भागाकार बरोबर अडीच. नकाशावरचा एक चौरस इंच म्हणजे अडीच एकर, तंतोतंत. आठवीच्या पोरांचे डोळे चमकले. आलेख कागद सेंटिमीटरचा होता, म्हणून एक चौरस सेंटिमीटर म्हणजे ०.३८७५ एकर असं काढलं. मी स्कॅन केलेल्या नकाशाचा तलावाचा भाग छापून आणला. पोरांनी पारदर्शक कागदावर तलावाची कड उतरवली, खाली आलेख कागद ठेवला आणि चौकटी मोजल्या. पूर्ण चौकट एक, अर्ध्याहून जास्त असेल तर एक, कमी असेल तर सोडून द्यायची. चार गटांनी वेगवेगळं मोजलं. सगळ्यांचं उत्तर तीस ते बत्तीसच्या मधे. एकतीस धरले तर बारा एकर.

म्हणजे अकरा पॉइंट पासष्टच. काकाजी तिथंच बसले होते. काही न बोलता उठून गेले. मला रात्रभर झोप नाही. एका म्हाताऱ्या माणसाला त्याच्या गावासमोर मी खोटं पाडलं, असं वाटत राहिलं. आणि एक गोष्ट टोचत होती. आजच्या सातबाऱ्यावरच पावणेसोळा एकर आहेत. तलाव गाळानं भरतो, दाबला जातो. कुणी पार उचलल्याशिवाय तो मोठा होत नाही, आणि पार उचलल्याचं कुणाच्या आठवणीत नाही.

सकाळी आठवीतली एक मुलगी पट्टी घेऊन कार्यालयात आली. नकाशाच्या कोपऱ्यात मापाची रेघ असते, इंचाच्या खुणांची. तिनं ती मोजली होती. "ताई, हा एक इंच दोन सेंटिमीटरच भरते. अडीचच्या वर भराले पायजे ना?"

छपाई करताना यंत्रानं पानात बसावं म्हणून नकाशा आपोआप लहान केला होता. चूक माझी. आकार कायम ठेवायची खूण मी केलीच नव्हती. लांबीत पाचवा हिस्सा कमी म्हणजे क्षेत्रफळात जवळजवळ चाळीस टक्के कमी. मी पुन्हा छापलं, या वेळी पूर्ण आकारात, चार पानांवर, आणि पानं जोडून घेतली. आधी रेघ मोजली, इंच इंचाएवढाच भरला. मग पोरांनी मोजलं. ४९, ५०, ४९, ५०. साडेएकोणपन्नास धरले तर एकोणीस एकरांच्या थोडं वर. हातानं चौकटी मोजताना एवढा फरक राहणारच, पण अकरा आणि एकोणीसमध्ये शंका उरली नाही. नंतर गुरुजींनी त्याच कारकुनाचं अक्षर दुसऱ्या पानावर दाखवलं. शिरोभागी सन १९१७-१८ लिहिलेलं, एकाशेजारी नऊ. त्याचा नऊ शेपटीला डावीकडे किंचित वळतो. तलावाच्या रकान्यातला आकडा तसाच वळलेला होता.

त्या मुलीला मी काकाजींच्या घरी घेऊन गेले. तिनंच सांगितलं. काकाजींनी तिच्या हातावर गूळ ठेवला.

१९.६५ एकर म्हणजे ७.९५ हेक्टर. आज कागदावर ६.४०. मधले दीड हेक्टर, पावणेचार एकरांच्या वर, कुठे गेले ते शोधायला फार दूर जावं लागलं नाही. जुना नकाशा आणि आजचा गटाचा नकाशा एकमेकांवर ठेवला की उगवतीची कड आत सरकलेली दिसते. मालगुजारी संपली तेव्हा तलावाला धनी उरला नाही. सरकारनं ताब्यात घेतला, पण दरसाल पारीवर माती टाकणारे हात थांबले. तुडूम गळायला लागला, काठाची जमीन उघडी पडली. उघड्या गाळात आधी लाखोरी, मग तूर, मग धुरे, म्हणजे बांध, घालून धान. पाच जणांच्या बांध्या तिथं आहेत.

पाचातली एक आमची.

नकाशा जुळवला त्या क्षणी मला ते दिसलं. मी संगणक बंद केला आणि घरी गेले. दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. अर्ध्या एकराची ती बांधी, आमच्या एकूण अडीच एकरांतली सगळ्यात चांगली. कधी करपत नाही, कारण ती तलावातच आहे. माझ्या कॉलेजची फी त्या बांधीच्या धानानं भरली आहे. तक्त्यात ती ओळ लिहायची की नाही हा प्रश्न माझ्यासमोर होता, आणि उत्तर मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तलावाचं पान मी साऱ्या गावाला भिंतीवर दाखवलं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना बाबांना सांगितलं. त्यांनी हात धुतला, अंगणात जाऊन बसले. आईनं एवढंच विचारलं, "मग रोवणं कुठं करणार?" मी गप्प. उशिरा बाबा आत आले आणि म्हणाले, "सांगून टाक ग्रामसभेत. दुसऱ्यानं सांगितल्यापेक्षा तू सांगितलेलं बरं."

ग्रामसभेत मी पाचही गट क्रमांक वाचले, आमचा पहिला. आरडाओरड झाली. एकानं मला घरभेदी म्हटलं, ते अजून मनात आहे. पण पान भिंतीवर होतं, आणि ते पान या सगळ्यांनीच मिळून वाचलं होतं. पार, तुडूम, सलंग, शिंगाडे, प्रत्येक शब्द कुणा ना कुणाच्या तोंडून आलेला. 'हा कागद खोटा' असं एकही जण म्हणाला नाही. भांडण पुढे काय करायचं यावर झालं. शेवटी ठरलं की ग्रामपंचायतीनं सरकारी मोजणीसाठी अर्ज करावा, नकाशा, खसरा आणि निस्तार पत्रकाच्या नकला सोबत जोडाव्या, आणि हद्द कायम होईपर्यंत गाळ काढताना त्या बांध्यांना हात लावू नये. अर्ज गेला आहे. मोजणीची तारीख अजून यायची आहे. गाळ यंदा निम्म्या तलावाचाच निघाला.

शेजारच्या दोन गावांच्या ग्रामपंचायती आता त्यांच्या नकला घेऊन येतात. त्यांना मी आधी मापाची रेघ मोजायला लावते.

परवा रात्री गटात बाबांचा आवाज आला. बाबा मोबाइलवर कधी बोलून पाठवत नाहीत, त्यांना ते येतही नव्हतं. शेजारच्या पोराकडून करून घेतलं असावं. चार मिनिटांचं बोलणं. ते सातवीत असताना तुडूम कसा फुटला, तीन वर्षं पाणी कसं टिकलं नाही, पहिल्या वर्षी आजोबांनी गाळात लाखोरी कशी फेकली, दुसऱ्या वर्षी स्वतः बाबांनी डोक्यावर टोपल्या वाहून धुरा कसा घातला, त्या वेळी तलावाचं पाणी कुठल्या मोहाच्या झाडापर्यंत यायचं. मोहा आता नाही, पण बुंध्याची जागा ते दाखवू शकतात, असं शेवटी म्हणाले.

मी ते दोनदा ऐकलं. मग तक्ता उघडला, नवी ओळ घातली. पान क्रमांकाच्या जागी 'तोंडी', शब्दाच्या जागी 'तलावाची उगवतीची कड', सांगणाऱ्याचं वय पासष्ट. अर्थाच्या रकान्यात त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं, 'पार' होतं तिथं 'पार'च लिहिलं.